कोपरापर्यंत हात

आमचे घरमालक भाजीबाजारात शिरले की भाजीवाल्या बायका आपापल्या टोपल्यांवर आडवा हात धरत. गिऱ्हाइकाला मालापासून लांब ठेवणाऱ्या विक्रेत्या मी यवतमाळात दुसऱ्या कुणासाठी पाहिल्या नाहीत. पण त्यांचाही इलाज नव्हता. हा गृहस्थ वरचं वांगं कधी उचलतच नसे. सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारायची, हात थेट टोपलीच्या तळाशी घालायचा, तिथलं एक वांगं वर काढायचं, ते गालाला लावायचं, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "ओल हाय थोडी. पण फेअर." तोवर टोपलीतली निम्मी वांगी रस्त्यावर घरंगळलेली असत.

तीस वर्षं ते कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होते. सगळे त्यांना ग्रेडरसाहेबच म्हणत, त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागत असणार. ग्रेडरचं काम असं की कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, समोर आली की तिच्यात खोल हात घालून मूठभर कापूस काढायचा. दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, काळ्या कापडावर ठेवून त्याची लांबी पाहायची, गालाला लावून ओल पाहायची आणि मग प्रत सांगायची. चांगल्यात चांगला तो सुपर, त्याखाली फेअर, आणि डागी, किडका असेल तर कवडी. भाव त्या एका शब्दावर ठरायचा. शेतकरी त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे जसा बघत असेल, तसंच पुढे आम्हीही बघायला शिकलो.

नोकरी संपली तरी साहेबांचं काम संपलं नाही. काळं कापड सोबत बाळगायची आठवण राहत नाही म्हणून त्यांनी पांढऱ्या पायजम्याच्या डाव्या मांडीवर हातभर काळं ठिगळ शिवून घेतलं होतं. नवा पायजमा आला की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आधी ठिगळ लावत आणि मग नाडी घालत. वर्तमानपत्र ते मधल्या पानापासून वाचत. लग्नाला गेले की पंगतीत बसण्याआधी स्वयंपाकाच्या मांडवात जात, भाताच्या गंजात तळापर्यंत झारा घालत, आणि वधूपिता मागे हात जोडून उभा राही. 'फेअर' ऐकलं की बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडे. स्वतःच्या नातवालाही त्यांनी सोडलं नाही. बारशाला सगळ्या बायका बाळाचं नाक कुणावर गेलं ते ठरवत होत्या, यांनी दुपटं वर करून त्याचे तळपाय पाहिले आणि म्हणाले, "फेअर." सून महिनाभर बोलली नाही.

सुपर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही. विचारलं तर म्हणत, "नोकरीत चार डाव देल्लं. पाचवा डाव आला तं तुले सांगीन."

ते मूळचे बोरी अरबकडच्या एका तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. "आमचा पणजा गोणीत हात घालूनच मीठ पाहे," ते अभिमानानं सांगत. "वरून तं सारंच मीठ पांढरं दिसते, बाई." म्हणजे हा हात घालण्याचा रोग पिढीजात होता, त्यावर सरकारनं फक्त पगार सुरू केला. आता ते मुलाकडे अमरावतीला राहतात. तिथल्या भाजीबाजाराची मला कधीकधी काळजी वाटते.

त्यांची माझी ओळख झाली ती जागेवरून. लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं आणि पुढची मोठी खोली रिकामी होती. आम्ही भाड्यानं मागितली तेव्हा त्यांनी ना नोकरी विचारली ना जात. "उद्या येतो तुमच्या घरी," एवढंच म्हणाले. मी घर आवरलं, चादरी बदलल्या, पोहे केले. साहेब आले ते थेट स्वयंपाकघरात. मांडणीवरचे चकचकीत डबे त्यांना दिसलेच नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी सगळ्यात खालचा, मागचा, ज्वारीच्या पिठाचा डबा ओढला आणि त्यात हात घातला. मी दाराशी उभी राहून देवाचं नाव घेत होते. हात बाहेर काढून त्यांनी पीठ झटकलं. "अळी नाई, जाळं नाई. या राहाले." पोहे त्यांनी खाल्ले, पण तेसुद्धा बशीच्या खालच्या बाजूनं.

जागा आम्हाला राहायला नको होती, हॉटेलसाठी हवी होती, त्याचं कारण कापूसच. सीझनमागून सीझन बिघडत चालला होता आणि आमच्या जिल्ह्यात कापूस बिघडला की कापडवाल्यापासून फोटोवाल्यापर्यंत सगळ्यांचं बिघडतं. माझा नवरा एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. पूर्वी त्यांचं जिन दिवाळीपासून होळीपर्यंत धडधडायचं. मग ते संक्रांतीलाच गप्प व्हायला लागलं, आणि एका वर्षी सुरूच झालं नाही. महिनाभर हा माणूस घरातल्या पंख्याचे स्क्रू आवळत बसला. मग एक दिवस भंगारातून तेलाचं पिंप घेऊन आला, त्याला दार बसवलं, आत जाळी, खाली शेगडी, वर हवा कमी-जास्त करायला झडप, आणि म्हणाला, "तू नागपूरला मावशीकडे असताना शिकली होतीस ना ते पिझ्झे-बिझ्झे? कर."

पाटीवर आम्ही हॉटेलचं नाव घातलंच नाही. 'पिझ्झा, बर्गर, सँडविच, मॅकरोनी मिळेल' एवढंच रंगवलं. वाटलं होतं, कॉलेजची मुलं येतील. आली ती घरंच्या घरं. त्या वर्षी कुणाचे दिवाळीचे कपडे झाले नव्हते, कुणाचं गावाला जाणं राहिलं होतं. निदान पोरांना टीव्हीत दिसतो तो पिझ्झा तरी दाखवू, म्हणून लोक येत. एक पिझ्झा, चार माणसं, आणि आई म्हणायची, मला नको, तुम्ही खा. मी त्या आईच्या बशीत एक तुकडा जास्तीचा ठेवायची. त्या खोलीत संध्याकाळी जो हशा चालायचा तो ऐकून वाईट दिवस आहेत यावर विश्वास बसत नसे.

सगळ्यांची घरं आली, फक्त माझं माहेर आलं नाही.

माझे वडील कचेरीत बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. आमच्या घराण्यात चार पिढ्या टेबलाच्या एकाच बाजूला बसलेल्या. मी हॉटेल काढणार म्हटल्यावर ते ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आपल्या घरात लोकांना वाढतात. विकत नाहीत." आणि विषय बंद केला. रोज संध्याकाळी सहाला ते फिरायला निघत, ते आमच्याच रस्त्यानं, पण पलीकडच्या कडेनं. छत्री काखेत, मान सरळ. आई एकदा दुपारी चोरून येऊन गेली. बाकावर बसली, टेबलावरून हात फिरवला, पण काही खाल्लं नाही. "त्यांनी खाल्ल्याशिवाय मी कशी खाऊ ग?" असं आठ महिने चाललं. मला गल्ल्याची, गर्दीची, कशाची म्हणून चिंता वाटत नव्हती, पण सहा वाजले की माझं लक्ष भट्टीवरून उडायचं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या हॉटेलात बसून खावं, एवढीच माझी इच्छा होती. नवरा म्हणायचा, येतील. त्याला यंत्रं कळत, बाबा कळत नव्हते.

आणि ग्रेडरसाहेबांनी मला दिली होती फक्त फेअर.

पहिल्याच दिवशी ते काकूंना घेऊन आले होते. त्यांच्या तांड्याच्या बोलीत भाकरीला बाटी म्हणतात, असं सांगून साहेबांनी पिझ्झ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही तं सजवलेली बाटी." मग त्यांनी तुकडा उचलून सरळ उलटा केला. ढोबळी मिरची, कांदा, सगळं बशीत पडलं. साहेबांनी तळ पाहिला, बोटानं टकटक केली, गालाला लावला. मग चीजची तार दोन अंगठ्यांत धरून ओढली आणि मांडीवरच्या काळ्या ठिगळावर आडवी ठेवून तिची लांबी पाहिली.

"धुवाले मी हाये ना घरात!" काकू म्हणाल्या.

"फेअर," साहेब म्हणाले.

मला राग आला. चार दिवस पीठ आंबवून, सॉस घोटून मी तो केला होता. "काका, कमी काय आहे यात?"

"कमी काई नाई. म्हणून तं फेअर देल्लं."

"मला मान्य नाही."

त्यांचे डोळे चमकले. माझ्यावर ते खूश झाले ते बहुतेक त्याच क्षणी. "मान्य नसन तं दुसरा ग्रेडर बोलावता येते. थो हात घालून पाह्यते, मंग थो सांगन ते अखेरचं. पण दुसरा ग्रेडर आणू कुठून? सारे रिटायर झाले."

त्यानंतर रोज ते यायचे, रोज काहीतरी उलटं करून पाहायचे, रोज आमचं भांडण व्हायचं. एक दिवस काकूंसोबत खिडकीपाशी बसले असताना म्हणाले, "थो त्या कडेनं जाते तो माणूस कोण हाय? रोज सहाले. इकडे पाह्यत नाई. मानेले काई झालं काय त्याच्या?"

"माझे बाबा आहेत."

मग मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मीच म्हणाले, "जाऊ द्या काका. त्यांना नको आहे तर नको."

साहेबांनी बशी बाजूला सारली. काकू म्हणाल्या, "सांगा तिले मारेगावकडची बंडी." आणि त्यांनी सांगितली. हात घालण्याचं वेड असलेल्या या माणसानं आयुष्यात एकदा हात घातला नव्हता, ती गोष्ट.

"सीझनचा शेवट होता," ते म्हणाले. "रात्री पाणी येऊन गेलतं. केंद्रावर बंड्यांची रांग पार सडकेपर्यंत. उभं राहून राहून माहे पाय गेलते. एक बंडी आली, वरचा कापूस ओला, पिवळा. म्या वरूनच पाह्यलं न म्हटलं, कवडी, वापस. बंडीवर बाई होती. भांडली असती तं बरं झालं असतं. भांडली नाई. बैल वळवले न गेली. मले त्या दिवसापासून जेवण जाये ना. हात असा रिकामा रिकामा वाटे. रविवारी यस्टीत बसलो, मारेगावच्या पुढं गेलो, विचारत विचारत तिचं घर काढलं. कापूस पडवीत होता. हात घातला, हा एवढा, कोपरापर्यंत. पांढरा फेक. धागा असा की तुटता तुटेना."

"मग?"

"मंग काय! म्हटलं, माय, उद्या आण, मी उभा राह्यतो. आणला. सुपर देल्लं. त्या चार डावातला थो एक." ते थांबले. "तिले म्या विचारलं, तू भांडली काहून नाई? तं म्हणे, साहेब, कमी भाव देल्ला असता तं भांडली असती. तुमी तं पाह्यलंच नाई. न पाहणाऱ्यासंगं काय भांडू?"

रस्त्यावर बाबा केव्हाच पुढे निघून गेले होते. साहेब उठले, पायजमा झटकला. "तुह्या बापानं हात घालून नाई म्हणावं. माही हरकत नाई. वरून वापस नाई करू देणार मी."

मी घाबरले. या माणसाचा नेम नव्हता, उद्या रस्त्यात बाबांची छत्री धरून ओढतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं फक्त इतकंच की बाबा कशाला ऐकतात. मी म्हणाले, "कागदाला." ते खरंच होतं. बाबांच्या टेबलावर आलेला कागद दिवस मावळायच्या आत शेरा मारून हलायचा. निवृत्तीनंतरही तीच सवय. लग्नपत्रिका आली तरी समासात बारीक अक्षरात लिहीत, 'पाहिले. जाणे.' किंवा 'पाहिले. दप्तरी दाखल.'

तिसऱ्या दिवशी बाबांना टपालानं अर्ज आला. चौथा भाग समास सोडून, शाईच्या पेनानं लिहिलेला. पुढे आईनं मला तो दाखवला, म्हणून त्यातला मजकूर मला पाठ आहे.

'प्रति, माननीय बडेबाबू, सेवानिवृत्त. विषय : मालाची फेरतपासणी होणेबाबत. महोदय, माझ्या जागेतील भाडेकरू बाई पिझ्झा नामक पदार्थ करतात. सदर मालाची मी तपासणी करून त्यास फेअर प्रत दिली आहे. बाईंना ती मान्य नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्या तपासणीसाचे मत घेणे क्रमप्राप्त आहे. आपण सदर बाईंचे वडील आहात ही बाब माझ्या निदर्शनास आली आहे. तथापि गेले आठ महिने आपण त्यांच्या दारात आलेला नाहीत. सबब आपल्याइतका निःपक्ष माणूस या गावात दुसरा मिळणे नाही. तरी प्रत्यक्ष येऊन, माल हाताळून, आपला अभिप्राय द्यावा ही विनंती.'

आई सांगत होती, बाबांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. चहा तसाच थंड झाला. दिवसभर तो कागद टेबलावर होता आणि बाबा खिडकीत. फिरायलाही गेले नाहीत. दिवेलागणीच्या जरा आधी त्यांनी पेन उघडलं आणि समासात लिहिलं, 'स्थळपाहणी आवश्यक. बुधवार, सायंकाळी सात.' आई काही कमी नाही. ती म्हणाली, "पाहणीला पंच लागतात ना? मी आणि वन्सं येतो." बाबांनी विचार केला आणि पुढे लिहिलं, 'पंचांसह.'

बुधवारी सातला पाच मिनिटं असताना ते आले. बाबांच्या अंगात कचेरीचा कोट, खिशाला पेन. मागे आई, तिच्या हातात डबा, कारण न जाणो, वरणभात बरोबर असलेला बरा. आणि सगळ्यांत मागे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, घरून पाण्याचा तांब्या घेऊन. आत्यानं उभ्या आयुष्यात बाहेरचं म्हणून फक्त प्रसाद खाल्ला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर ग्रेडरसाहेब आणि काकू आधीच बसले होते. साहेबांनी उठून बाबांना नमस्कार केला आणि परत बसले. तपासणी दुसऱ्याची होती.

बाबा बसले नाहीत. "आधी भटारखाना दाखव," म्हणाले. आत माझा नवरा घामाघूम उभा होता. बाबांनी पिंपाकडे पाहिलं. "हे काय?"

"भट्टी आहे. ही झडप उघडली की आच वाढते. ही जाळी जिनिंगमधल्या जुन्या मशीनची."

"तुम्ही स्वतः केलीत?"

"हो."

बाबांनी खिशातून कागद काढला आणि लिहिलं, 'भट्टी : समाधानकारक.' लग्न झाल्यापासून नवऱ्याला बाबांकडून मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. तो इतका हरखला की झडप बंद करायची विसरला.

त्याचा परिणाम पुढच्या पाच मिनिटांत दिसला. पहिला पिझ्झा बाहेर काढला तो वरून असा देखणा की फोटो काढावा. चीज सोनेरी, मिरची हिरवीगार. मी उलथन्यानं कड उचलली. खालून काळाकुट्ट. दुसरा व्हायला दहा मिनिटं तरी लागणार होती. बाहेर बाबा घड्याळ काढून बसले होते.

"दे तसाच," नवरा कुजबुजला. "वरून कळत नाही. ते थोडेच उलटा करून बघणार!"

खरं सांगते, माझ्या मनात आलं होतं. आठ महिन्यांची वाट, आणि हा एक तळ. मी तो पिझ्झा बशीत घेतला, बाहेर गेले, बाबांसमोर ठेवला. म्हणाले, "बाबा, हा खालून करपला आहे. दुसरा करायला घेतलाय. थोडं थांबावं लागेल."

बाबांनी तुकडा उचलला आणि उलटा केला. त्यांना तसं कुणी शिकवलं नव्हतं. काळ्या तळाकडे ते बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे.

"तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं."

"हो."

"मग कशाला बोललीस?"

"तुम्हाला कसा देऊ करपलेला?" मी म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलंच.

बाबांनी तो तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला. कोपऱ्यातल्या टेबलावर ग्रेडरसाहेबांनी खाणं थांबवलं होतं. "करपला आहे," बाबा म्हणाले, "पण आतून कच्चा नाही." आणि त्यांनी दुसरा तुकडा उचलला. मी नको नको म्हणेपर्यंत अर्धा करपलेला पिझ्झा त्यांनी संपवला, मिशीला चीज लागलं तेही आईनं सांगितल्यावर पुसलं. आईनं इतका वेळ मांडीवर धरलेला डबा टेबलाखाली ठेवला आणि बशी पुढे ओढली.

आत्याचं मात्र अवघड होतं. "अंडं नाही ना ग? लसूण?" असं तिनं चारदा विचारलं. शेवटी मी मॅकरोनीची बशी तिच्यापुढे ठेवली. तिनं चमच्यानं एक नळी उचलली, उजेडाकडे धरून तिच्यातून पलीकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, "अगं बाई, हे तं सरगुंडे! काडीवर वळून वाळवलेले आपले सरगुंडे! कायले उगाच घाबरवून राह्यली होती मले?" मग तिनं तांब्या बाजूला सारला आणि सगळी बशी खाल्ली. वर सांगितलं की पुढच्या वेळी दूध-साखर घालून दे, हा पांढरा रस्सा काही खरा नाही.

दुसरा पिझ्झा आला, तो चांगला झाला होता. खाणं झाल्यावर बाबांनी हात पुसले, कोटाच्या आतल्या खिशातून तो अर्ज काढला, टेबलावर सरळ केला. पेनाचं टोपण उघडलं. बाबा समासाकडे पाहत राहिले आणि त्यांनी टोपण परत लावलं.

"आज अभिप्राय देता येत नाही," ते म्हणाले. माझा चेहरा उतरला असणार, कारण ते घाईनं पुढे बोलले, "बर्गर पाहायचा राहिला आहे. सँडविच राहिलं आहे. अपुऱ्या पाहणीवर शेरा मारणं नियमात बसत नाही. पुढच्या बुधवारी यावं लागेल."

सगळ्या नोकरीत एकही कागद शिल्लक न ठेवलेल्या माणसानं तो अर्ज घडी घालून परत खिशात ठेवला. तो अजून निकाली निघालेला नाही. बाबा कितीतरी बुधवार आले, बर्गर पाहिला, सँडविच पाहिलं, आत्याचे दुधातले सरगुंडेही आम्ही पाटीवर लिहिले. ग्रेडरसाहेब दर वेळी खालच्या आवाजात विचारत, "काय मग, बडेबाबू, प्रत ठरली?" आणि बाबा म्हणत, "प्रकरण विचाराधीन आहे." त्या दोघांची पुढे अशी गट्टी जमली की भाजीला ते जोडीनं जाऊ लागले. आमची ती फेअर मात्र शेवटपर्यंत फेअरच राहिली, आणि मला आता तिचं काही वाटत नाही.

पण त्या पहिल्या बुधवारी आणखी एक गोष्ट घडली. मी बशा उचलत होते तेव्हा दारात एक कुटुंब येऊन उभं राहिलं. नवरा, बायको, त्यांची एक मुलगी आणि म्हातारी सासू. कपडे ठेवणीतले होते. त्यांनी आत पाहिलं, सगळी टेबलं भरलेली. तो माणूस बायकोला हळूच म्हणाला, "चाल, जागा नाई," आणि ते वळले.

मी हाक मारणार तोच बाबा उठले. कोट सावरत दारापर्यंत गेले. "अहो, थांबा, थांबा," म्हणाले. "जागा होते. आजी, या. पायरी जपून."

ग्रेडरसाहेब तोवर उभे राहिले होते. "ऊठ वं, आपलं झालं," ते काकूंना म्हणाले, आणि स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसून त्यांनी ती म्हातारीपुढे सरकवली. तो माणूस संकोचून बाबांना विचारत होता, "साहेब, तुमचंच हॉटेल काय हे?"

मी आत पळाले. भट्टीसमोर उभी राहून पदरात तोंड घातलं आणि रडले, आणि नवरा वेड्यासारखा विचारत होता, काय झालं, परत करपलं का?

"माझ्या मुलीचं आहे," बाहेरून बाबांचा आवाज आला. थोड्या वेळानं तो परत आला, दुसऱ्या कुणाशी तरी बोलताना, पहिल्यापेक्षा मोठा. "हो, हो, बसा ना. माझ्या मुलीचं हॉटेल आहे."